मधला ठोका

सोमवार, १५ फेब्रुवारी १९७१

आजपासून देशाचा पैसा बदलला, जुनी पेनी जाऊन नवी आली. पावाच्या दुकानात मिसेस डॉबनी भिंतीवर जुन्या-नव्या नाण्यांचा तक्ता टांगून उभी होती आणि एका पावासाठी सहा शहाणी माणसं बोटं मोजत होती. मी पाव घेतला आणि तडक धक्क्यावर आलो.

कंपनीच्या माणसाने कालच पत्र हातात आणून दिलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, म्हणजे १० एप्रिलला, व्यवस्थापक गॉसलिंग स्वतः येऊन माझ्या पेनीघरातली, पेनी टाकून चालणारी खेळांची यंत्रं तपासणार. तीसच्या तीस नव्या नाण्यावर चालली पाहिजेत. चालली तर पुढच्या पाच वर्षांचा करार, नाही तर जागा नॉटिंगहॅमच्या एका बिंगोवाल्याला. माझ्या बापाने एकोणीसशे नऊ साली या लाकडी धक्क्याच्या टोकाला पहिलं यंत्र उभं केलं, त्या जागेत बिंगोवाला आकडे ओरडणार! मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

म्हणून ही वही. रोज काय काम केलं ते लिहून ठेवणार. उद्या कुणी म्हणायला नको की होरेस टिपलेडी हातावर हात ठेवून बसला होता.

शनिवार, २० फेब्रुवारी

टपालवाल्यांचा संप असल्यामुळे सुटे भाग आगगाडीने आले. नवं नाणं यंत्रात घरंगळत जायला अरुंद पितळी वाटा, तीस. माल बरा दिसतो.

आमच्या घराण्याची तपासायची रीत अशी. नाण्याची वाट यंत्राबाहेर काढून बाकावर बसवायची, नाणं टाकायचं आणि पाठ फिरवायची. डोळे फसतात, असं बाप म्हणायचा. ऐकायचे ते तीन ठोके. पहिला, नाणं तोंडाच्या पितळेला लागतं तो. दुसरा, नाणं जिभलीवर, म्हणजे वाटेतल्या छोट्या पितळी पट्टीवर, आपटून ती खाली दाबतं तो. तिसरा, नाणं पत्र्याच्या डब्यात पडतं तो. मधला ठोका बारीक असतो, पण सगळं यंत्र त्या जिभलीवरच चालतं. तो नीट आला नाही तर नाणं जिभलीला नुसतं चाटून गेलं असं समजायचं. असं यंत्र आज चालेल, पण ऐन ऑगस्टमध्ये पोरांची रांग लागली की दगा देईल. मी दहा वर्षांचा असताना बाप मला भिंतीकडे तोंड करून उभा करायचा आणि ठोका चुकला की टोपीने फटका मारायचा. चाळीस वर्षं झाली, या किनाऱ्यावर माझ्या कानाला तोड नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

आज पहिली वाट बसवली. ठोके दोनच. जिभली काढली, कानस घेतली, थोडी घासली. पुन्हा दोनच.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

तीन वाटा झाल्या, तिन्ही नापास. मधला ठोका नाहीच. हे नवं नाणं म्हणजे कोटाच्या बटणाएवढं, त्यात जीव तो किती असणार! जुनी पेनी हातात घेतली की काहीतरी घेतल्यासारखं वाटायचं.

मेव्हिसने नव्या दातांची कवळी बसवल्यापासून ती तोंडातल्या तोंडात बोलते. बायको आहे, चिडून चालत नाही. मी हो हो म्हणतो आणि प्रश्न मिटतो. यंदा समुद्रपक्षीही गप्प आहेत. थंडी लांबल्यामुळे असेल.

मंगळवार, २ मार्च

शेजारच्या आइस्क्रीमच्या टपरीत फेरारोंची नवी सून आली आहे, नेरिना. इटलीहून येऊन तिला चार महिने झाले. मोडकंतोडकं बोलते, पण समोर उभी राहून, तोंडाकडे बघून, खणखणीत आवाजात, हातवारे करून. तिचा एकेक शब्द कळतो. आमच्या गावच्या लोकांनी तिच्याकडून आपली भाषा शिकावी अशी वेळ आली आहे.

आज वही घेऊन आली. ती नव्या शब्दांची वही ठेवते.

“मिस्टर टिपलेडी! पेनी पडली, म्हणजे काय? काल गिऱ्हाईक मला हसलं. म्हणालं, चला, बाईंची पेनी पडली एकदाची! मी खाली वाकून बघितलं. पेनी नाही!”

“म्हणजे तुला उशिरा कळलं.”

“मग कळलं म्हणायचं. पेनी कशाला?”

बाहेरच्या माणसाला हे असं सांगून समजत नाही. तिला आत नेलं आणि भुताच्या घरापुढे उभं केलं. हे यंत्र मी अजून उघडलेलं नाही, ते जुन्या पेनीवरच आहे. तिला पेनी दिली, तिने ती टाकली. काहीच झालं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, थांब. मग बाजूला एक थाप मारली, अडकलेली पेनी खाली गेली, दिवा लागला, कपाट उघडलं, सांगाडा बाहेर आला. बाई किंचाळलीच.

“बघितलंस? कळणं वेगळं. ते कुणालाही, केव्हाही कळतं. पेनी पडायची तर ती आधी कुणीतरी टाकलेली असावी लागते. मग ती वाटेत अडकायला हवी. टाकणारा बिचारा वाट बघत उभा, आणि यंत्र ढिम्म. मग केव्हातरी ती पडते, आणि सगळं एकदम हलायला लागतं. ज्याला पहिल्या झटक्यात कळलं, त्याच्याबद्दल असं म्हणायचं नाही.”

तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, “मला भूक लागली. पेनी पडली.”

“चूक.”

“सासूबाईंनी मला मिठाचा डबा दिला, साखर म्हणून. मी नवऱ्याच्या कॉफीत दोन चमचे घातलं. त्याने तोंड असं केलं. सासूबाई हसल्या. तेव्हा माझी पेनी पडली!”

“शंभरपैकी शंभर.”

“स्वतःबद्दल म्हटलं तर चालतं?”

“चालतं. पण लोक सहसा दुसऱ्याबद्दलच म्हणतात,” मी म्हटलं.

रविवार, ७ मार्च

नवीन पाद्री प्रवचन स्वतःलाच देतो. शेवटच्या बाकापर्यंत एक अक्षर पोचत नाही. घरी येताना मेव्हिसला हे सांगितलं तर ती थांबली, माझ्याकडे नुसती बघत राहिली आणि पुन्हा चालायला लागली. तिला पाद्री आवडतो वाटतं.

तिने हल्ली एक नवी खोड लावून घेतली आहे, चिठ्ठ्यांची. किटलीला चिठ्ठी, आरशाला चिठ्ठी. ‘सहा वाजता मासळी आण.’ ‘बहिणीचा फोन येऊन गेला.’ एका छपराखाली राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना पत्रं लिहायची म्हणजे कमाल झाली.

शुक्रवार, १२ मार्च

गॉसलिंग डोकावून गेला. नऊ वाटा बाकावर, नऊच्या नऊ नापास. त्याने एक उचलून यंत्रात बसवली, नाणं टाकलं. यंत्र चाललं. पुन्हा टाकलं, पुन्हा चाललं.

“हे तर चालतंय, टिपलेडी.”

“आज चालतंय.”

“मग तुम्हाला आणखी काय हवंय?”

“मधला ठोका.”

त्यावर तो काहीतरी पुटपुटला. साहेबलोकांना स्पष्ट बोलायची सवय नसते. मी म्हटलं, “मी खराब माल लोकांपुढे ठेवत नाही. बापाने ठेवला नाही, मीही ठेवणार नाही. दहा तारखेला तीसच्या तीस देईन, तोवर मला काम करू द्या.” गेला. माझं चुकलेलं नाही. कारखान्याने जिभल्याच जाड पाठवल्या आहेत, मी त्या पातळ करतोय.

बुधवार, १७ मार्च

एक जिभली कानसता कानसता तुटली. बारा नापास.

सोमवार, २२ मार्च

चौदा. आठ बोटांना पट्ट्या आहेत. तरी सोडणार नाही. मनगटाची ताकद मोजणारं यंत्र आज पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आरशावर चिठ्ठी: ‘गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर. बरोबर यावंस.’ मेव्हिसचे गुडघे पुन्हा बोलायला लागलेले दिसतात. मी खाली लिहिलं, ‘ईस्टरनंतर. आत्ता एक तासही देता येत नाही.’ संध्याकाळी ती भांडी घासत पाठमोरी काहीतरी सांगत होती. मी पेपर वाचता वाचता हो हो म्हणत होतो. ती वळली तेव्हा डोळे लाल होते. कांदे चिरले असावेत. जेवायला मात्र उकडलेलं बीफ आणि बटाटे होते.

मंगळवार, ३० मार्च

हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वहीत खोटं लिहायचं नाही असंही ठरवलं होतं, म्हणून लिहितो.

दुपारी नेरिना आली. तिच्या टपरीला गिऱ्हाईक नव्हतं. बाकावरच्या चौदा वाटा बघून म्हणाली, “एवढ्या आजारी? सगळ्या?” मी म्हटलं, “तुला निरोगी कशी असते ते ऐकवतो, म्हणजे फरक कळेल.” भुताच्या घराची जुनी वाट बाहेर काढली. तिला कानस लागलेली नाही, बापाने स्वतः बसवलेली. बाकावर ठेवली. तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, मीही पाठ फिरवून उभा राहिलो आणि हात मागे नेऊन जुनी, जड, चांगली पेनी टाकली.

“किती?” मी विचारलं.

“तीन!”

मला दोन ऐकू आले होते.

पुन्हा टाकली. “तीन.” मला दोन. वाट उचलून कानाजवळ धरली आणि टाकली. जिभली खाली गेली ती डोळ्यांनी दिसली, बोटाला लागली. कानाला काही नाही. मग मी नव्या वाटांतली पहिली घेतली, फेब्रुवारीत नापास केलेली.

“किती?”

“तीन, मिस्टर टिपलेडी. एक मोठा, एक चिमणीसारखा, एक मोठा.”

दुसरी, तीन. पाचवी, तीन. शेवटच्या दोन-तीन मी इतक्या घासल्या होत्या की त्यांत खरोखरच चिमणी उरली नव्हती, ते तिनेच सांगितलं. म्हणजे चौदाच्या चौदा धडधाकट आल्या होत्या. मी घासून घासून जिभल्या इतक्या पातळ केल्या की आज वाजल्या तरी ऑगस्टपर्यंत टिकायच्या नाहीत. मी त्यांची वाट लावली.

मग एकेक करून सगळं खाली पडायला लागलं. पाद्री. गॉसलिंग. समुद्रपक्षी, जे खिडकीच्या गजावर चोची वासून बसले होते आणि मला त्यांचा जेमतेम घोगरा आवाज येत होता. मेव्हिसचे दात. डॉक्टर. पेनी कधीची टाकलेली होती, तीही एक नाही.

नेरिना माझ्या तोंडाकडे बघत होती. हसली नाही, वहीत काही लिहिलंही नाही. स्टूल पुढे ओढून म्हणाली, “बसा.” मग टपरीतून कॉफी आणून दिली आणि निघून गेली.

बुधवार, ३१ मार्च

काही नाही.

गुरुवार, १ एप्रिल

अकरा दिवस होते त्यांचे नऊ उरले. आज एक युक्ती केली. लाकडी पट्टीचं एक टोक दातात धरायचं, दुसरं वाटेला टेकवायचं, म्हणजे ठोका दातांना कळतो. कळलाही, दहापैकी सहा वेळा. असं कुणाला न सांगता निभावून नेता येईल, असा विचार दिवसभर केला. या धक्क्यावर मला ‘कान’ म्हणतात. मुलांच्या शर्यतीचा निकालसुद्धा कुणाचा पाय आधी वाजला असं मला विचारून द्यायचे. उद्यापासून काय म्हणतील?

पण दहापैकी सहा म्हणजे तीसपैकी बारा यंत्रं खोटी. खराब माल लोकांपुढे ठेवत नाही असं गॉसलिंगला छाती ठोकून सांगितलं होतं ना!

शुक्रवार, २ एप्रिल

मेव्हिसला सांगितलं. सकाळी, चहा ओतताना, तिच्याकडे न बघता. “मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत.”

तिने किटली खाली ठेवली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि मोठ्याने, सावकाश म्हणाली, “मला माहीत आहे, होरेस.”

“कधीपासून?”

“नाताळच्या आधीपासून. नाताळात मी सांगितलं होतं. तू म्हणालास, मी बहिरा झालो तर मला धक्क्यावरून ढकलून दे. आणि मग दोन दिवस बोलला नाहीस. त्यानंतर मी चिठ्ठ्या लिहायला लागले.”

“गुडघ्यांचा डॉक्टर...”

“कानांचा होता, गाढवा.”

मला तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि दोन्ही मिळून मी टोस्ट करपवला. तिला विचारलं, तू माझ्यासाठी ऐकशील का? ती म्हणाली, पगार काय देणार? मी म्हटलं, धक्क्यावरून ढकलणार नाही. ती म्हणाली, ठीक आहे, पण उशी घेऊन बसेन, तुझं स्टूल दगडासारखं आहे.

चौदा जिभल्या नव्या बनवायला पितळ हवं. लोखंडवाल्याकडे पत्रा नाही, मागवला तर ईस्टरनंतर येईल. मेव्हिस उठली, आमच्या पुढच्या दाराची पितळी पट्टी तिने स्क्रू काढून माझ्या हातात ठेवली. ती पट्टी ती दर शनिवारी घासायची, अख्ख्या गल्लीत तेवढी चमकदार दुसरी नव्हती. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, “काप मुकाट्याने.”

मंगळवार, ६ एप्रिल

अशी लागली आहे पद्धत. मी कापतो, वाकवतो, बसवतो, नाणं टाकतो. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. बरोबर असलं की तीन बोटं वर, चुकलं की दोन. बोलायची गरजच नाही. काल दुपारपर्यंत तिला नुसतं तीन की दोन कळत होतं, आज म्हणाली, “मधला आहे, पण दमलेला वाटतो.” बघितलं तर जिभली केसभर वाकडी. बापाने तिला टोपीने एकही फटका मारला नसता. एकोणीस तयार.

शुक्रवार, ९ एप्रिल

सुट्टी न घेता काम. भुताचं घर सर्वांत शेवटी बदललं. बापाची जुनी वाट कागदात गुंडाळून ठेवताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तीस.

शनिवार, १० एप्रिल

गॉसलिंग दहाला आला. खिशातून मूठभर नवी नाणी काढली आणि पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत एकेक टाकत गेला. फाशीघराचा दरवाजा उघडला, भविष्य सांगणाऱ्या बाईने मान हलवली, सांगाडा बाहेर आला. एकही अडलं नाही. तो माझ्यासमोर येऊन मोठ्याने म्हणाला, “मानलं तुमच्या कानांना, टिपलेडी. त्या मधल्या ठोक्याचा हट्ट धरलात ते बरं केलंत.” आणि कराराचा कागद आणि पेन पुढे केलं.

सही करायला किती वेळ लागतो! पाच वर्षं माझी झाली असती आणि कुणालाही काही कळलं नसतं. मेव्हिस दारात उभी होती. ती काही बोलली असती तरी तिथून मला ऐकू आलं नसतं.

मी म्हटलं, “साहेब, माझे कान गेलेत. चौदा चांगल्या वाटा मीच बिघडवल्या, कारण मला ऐकू येत नव्हतं. ही तीसच्या तीस यंत्रं हिने ऐकून पास केली आहेत. करार करायचा तर दोघांच्या नावाने करा.”

गॉसलिंगने कागद मागे ओढला. म्हणाला, कंपनीने आजवर असा करार बाईच्या नावे केलेला नाही. त्याने ते दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्या तोंडाकडे बघून.

“मग तुम्ही पाठ फिरवून उभे राहा,” मी म्हटलं, “मी एक जिभली वाकडी करतो. कोणती ते तुम्ही नाणं ऐकून सांगा. तुम्हाला सांगता आलं नाही आणि हिने सांगितलं, तर नाव लिहायचं.”

तो उभा राहिला, पैजेचा शौकीन माणूस आहे. मेव्हिसही पाठमोरी उभी राहिली आणि मी तीसही यंत्रांत एकेक नाणं टाकत गेलो. त्याने सांगितलं अकरावं. मेव्हिस म्हणाली, “सव्विसावं. आणि चौथ्यात वाळूचा कण गेलाय, तो मघाशीच यांच्या बुटावरून आला.” वाकडी जिभली सव्विसाव्यातच होती. चौथं उघडलं. वाळू होती.

त्याने तिचं नाव कसं लिहायचं ते विचारून घेतलं.

रविवार, ११ एप्रिल, ईस्टर

सकाळपासून गर्दी. बुधवारी डॉक्टरकडे जायचं आहे, मी स्वतः चिठ्ठी लिहून आरशाला लावली. कानात घालायचं काही यंत्र मिळतं म्हणे. मधला ठोका त्याने परत येईलच असं नाही, डॉक्टर सांगेल ते ऐकेन.

चारच्या सुमारास गर्दी ओसरली. आम्ही दोघं कठड्याशी बाकावर बसलो, पाय सुजलेले, हातात फेरारोंचं आइस्क्रीम, पैसे न घेता दिलेलं. मेव्हिस समुद्राकडे बघत काहीतरी म्हणाली. मला नुसता सूर ऐकू आला. सवयीने हो म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“काय म्हणालीस?” मी विचारलं. “ऐकू नाही आलं. परत सांग.”

ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, पलीकडच्या बाकावरची माणसंही वळून बघायला लागली.

“मी म्हणाले, वारा पडलाय. बस, एवढंच. काही महत्त्वाचं नव्हतं रे. पण चार महिने झाले, होरेस, मी बोलते आणि तू हो म्हणतोस. मला वाटायला लागलं होतं की तुला आता माझ्याशी बोलायचंच नाही.”

मी तिला सांगितलं की वारा खरंच पडला आहे. मग तिने बहिणीच्या जावयाची गोष्ट सुरू केली. ती फार लांब होती, आणि मी अकरा वेळा ‘काय म्हणालीस’ असं विचारलं.